समजून बोललेले पाच शब्द
(डॉक्टर जॉन विल्सन यांच्या चरित्रावरून बोध)



करिंथ येथील मंडळीस पत्र लिहिताना पौल प्रेषिताने एक मोठा मार्मिक विचार मांडिला आहे. ज्या भाषेचा अर्थ ऐकणाऱ्यास कळत नाही, अशा भाषेतील दहा हजार शब्दांपेक्षा दुसऱ्यास शिक्षण व्हावे म्हणून समजून बोललेले पाच शब्द त्यास अधिक मोलाचे वाटत होते. हा विचार आम्ही मंडळीपुढे कितीदा तरी वाचिला होता. परंतु तो आमच्या स्वतःच्या अंतःकरणास लागला तो एका नाताळच्या दिवशी.

त्या दिवशी आमच्या मंडळीतील एका लहान मुलाने शुभवर्तमानातील ख्रिस्तजन्माचा वृत्तांत इंग्रजीत तोंडपाठ म्हणून दाखविला. एकही शब्द चुकला नाही. सर्वांनी टाळ्या वाजविल्या, त्याच्या आईबापांचे डोळे भरून आले. भक्ती संपल्यावर त्याच्या वृद्ध आजीने त्यास जवळ घेऊन, बाळा, तू काय बोललास ते मला सांग, असे म्हटले. मुलगा गोंधळला. त्यास एका वाक्याचाही अर्थ सांगता येईना. शेवटी लाज झाकण्याकरिता तो म्हणाला की, आजी, तुला इंग्रजी येत नाही, तुला कळायचे नाही. आजी गप्प बसली. तो पाठ त्या मुलाकडून आम्हीच करून घेतला होता, तेव्हा दोष मुलाचा नव्हता, आमचा होता. एका दिवसात आम्ही त्यास दोन गोष्टी शिकविल्या होत्या: न समजता बोलणे, आणि आपल्या वडीलधाऱ्यांस हलके लेखणे.

त्या दिवसापासून आमच्या मनात हा प्रश्न घोळत राहिला की, लहान मुलांस परकी भाषा शिकवावी ती कशाकरिता व कोणत्या रीतीने? आपल्या महाराष्ट्रात इ. स. २००० पासून मराठी शाळांतही पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकवितात. नसरापूर, भोर, वेल्हे ह्या बाजूच्या खेड्यांतील आईबापांचीही आपल्या लेकराने इंग्रजी बोलावे ही इच्छा आहे, व ती वावगी नाही. पुण्याकडे नोकरीस गेलेल्या तरुणास तिचा उपयोग किती पडतो हे आम्ही रोज पाहतो. म्हणून भाषा शिकवावी की नाही हा वाद आता राहिला नाही. ती शिकत असता मुलाचे अंतःकरण कोणत्या बाजूस वळते, एवढेच पाहावयाचे आहे. ह्या प्रश्नाचा उलगडा करण्यास ज्यांचे चरित्र आम्हांस फार साहाय्यक झाले, त्या डॉक्टर जॉन विल्सन यांचा वृत्तांत आज वाचकांस सादर करितो.

जॉन विल्सन यांचा जन्म स्कॉटलंड देशातील लॉडर नावाच्या लहानशा गावी ता. ११ डिसेंबर १८०४ रोजी झाला. घराणे शेतकऱ्यांचे व देवभीरू होते. मुलगा बुद्धीने तीव्र असल्यामुळे वयाच्या चौदाव्या वर्षीच एडिंबरो येथील विद्यापीठात दाखल झाला. शिकत असता मधून मधून त्यांनी मुलांस शिकविण्याचेही काम केले. हिंदुस्थानाविषयीची कळकळ त्यांच्या मनात ह्याच काळात उत्पन्न झाली. इ. स. १८२८ मध्ये त्यांची दीक्षा झाली, व त्याच वर्षी मार्गारेट बेन नावाच्या सुशिक्षित व धार्मिक स्त्रीशी त्यांचा विवाह झाला. लगेच उभयतांनी मायदेशाचा निरोप घेतला, आणि १८२९ च्या फेब्रुवारी महिन्यात ती दोघे मुंबई बंदरात उतरली. विल्सनसाहेबांचे वय त्या वेळी अवघे चोवीस वर्षांचे होते.

येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पुढे ज्यांनी आपल्या देशातील शेकडो मुलांस इंग्रजी शिकविले, त्यांनी प्रथम स्वतः विद्यार्थी होऊन आपली भाषा शिकून घेतली. स्कॉटिश मिशनची ठाणी त्या काळी कोकणात बाणकोट व हर्णै येथे होती. मुंबईस उतरल्यावर विल्सन पतिपत्नी तिकडे गेली व मराठीचा अभ्यास करू लागली. त्यांच्यापूर्वी, १८२७ साली, रॉबर्ट नेस्बिट नावाचे मिशनरी आले होते. त्यांचे मराठी इतके शुद्ध होते की त्यांच्या उच्चाराची सर्वत्र ख्याती होती. अशा सोबत्यांच्या संगतीत व पंडितांच्या पायाशी बसून विल्सनसाहेबांनी इतका उद्योग केला की, वर्ष पुरे होण्याच्या आतच ते मराठीत उपदेश करू लागले. ज्यास परक्या भाषेत प्रथम तोंड उघडावे लागते, त्याची फजिती कशी होते हे आपण जाणतो. क्रियापदाचे लिंग चुकते, लहान मुले हसतात, विद्वान माणूस बाळासारखा होतो. परंतु ही लीनता ज्याने सोसिली आहे, तोच पुढे लहान मुलाच्या चुकीवर हसत नाही. शिक्षकास लागणारे पहिले ख्रिस्ती भूषण ते हेच, असे आम्हांस वाटते.

मार्गारेटबाईंचा उद्योगही काही कमी नव्हता. त्यांनीही मराठी आत्मसात केली, आणि मुंबईस येऊन वर्ष होते न होते तोच त्यांनी मुलींकरिता शाळा काढिल्या. मुलीस अक्षर शिकविणे म्हणजे घराची अब्रू घालविणे, अशी समजूत असलेला तो काळ! तरी त्या घरोघर जात, आयांशी त्यांच्याच भाषेत बोलत, व मुलींस शाळेत आणीत. ह्या मुलींस प्रथम मराठीच शिकविली जाई. मुंबईतील सेंट कोलंबा ही मुलींची शाळा आपले मूळ मार्गारेटबाईंच्या ह्या कार्यात मानते. अतिश्रमाने त्यांची प्रकृती ढासळली, आणि ता. १९ एप्रिल १८३५ रोजी त्या प्रभूच्या ठायी झोपी गेल्या. ह्या देशात त्यांस सहा वर्षेच काय ती मिळाली. पुढे त्यांच्या दोघी बहिणी आल्या व त्यांनी ते काम हाती घेतले.

आता शाळेकडे वळू. १८३० साली अलेक्झांडर डफ यांनी कलकत्त्यास आपली प्रसिद्ध शाळा काढिली. तीत सर्व भर इंग्रजीवर होता, व त्या रीतीचा बोलबाला हिंदुस्थानभर झाला. विल्सनसाहेब डफ यांचे मित्र होते, परंतु मुंबईत त्यांनी चाल वेगळी धरिली. त्यांनी आधी देशी भाषांच्या शाळा चालविल्या, व मग १८३२ साली इंग्रजी शाळा उघडिली. इंग्रजी आली म्हणून मराठी व गुजराथी त्यांनी दाराबाहेर काढिल्या नाहीत. जी गोष्ट मूल आपल्या आईच्या भाषेत समजले आहे, तीवरच परक्या भाषेची इमारत टिकते, आणि जे ज्ञान शिकलेला मनुष्य आपल्या शेजाऱ्यास त्याच्या भाषेत सांगू शकत नाही ते देशास निरुपयोगी होय, हे तत्त्व त्यांच्या कामात सर्वत्र दिसून येते. १८३५ नंतर सरकारचा कल इंग्रजीकडे झुकला, तरी विल्सनसाहेब आपल्या तत्त्वावर कायम राहिले. आज मुंबईत चौपाटीसमोर उभे असलेले विल्सन कॉलेज हे त्याच १८३२ च्या शाळेचे वाढलेले झाड आहे.

ह्याच १८३२ साली त्यांनी दुसरेही एक काम केले, ते आमच्या विषयास फारच लागू आहे. कुलाबा प्रांतात व मुंबईत बेने इस्राएल नावाचे यहुदी लोक शतकानुशतके राहत आले होते. कोकणातील गावांत ते तेल गाळण्याचा धंदा करीत व शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांस शनिवार तेली म्हणत. त्यांच्या घरची भाषा मराठी होती. आपल्या पूर्वजांची इब्री भाषा त्यांच्यात बहुतेक लुप्त झाली होती. विल्सनसाहेबांनी त्यांच्याकरिता इब्री भाषेच्या व्याकरणाची मूलतत्त्वे मराठीत लिहून प्रसिद्ध केली, व त्यांच्या मुलांस शाळांतून शिक्षण मिळण्याची व्यवस्था केली. विचार करा: स्कॉटलंडचा मनुष्य, कोकणातील यहुदी मुलांस, मराठीच्या द्वारे, मोशे व दावीद यांची भाषा शिकवितो! आणि ह्याचे फळ काय झाले? बेने इस्राएलांपैकी ख्रिस्ती झाले असे फारच थोडे. बाकीचे आपल्या धर्मात राहिले, आपल्या शास्त्राचे ज्ञान त्यांच्यात वाढले, व ह्या उपकाराची आठवण त्यांनी प्रेमाने ठेविली. मिशनच्या हिशेबी कोणी ह्यास तोटा म्हणेल. आम्ही तसे म्हणत नाही. दुसऱ्यास त्याचेच हरवलेले धन शोधून देणे ही शेजारप्रीतीच आहे, आणि तिचा मोबदला मागावयाचा नसतो.

परंतु विल्सनसाहेबांच्या शाळेचा मार्ग नेहमी असा सोपा नव्हता. शाळेत पवित्र शास्त्र शिकविले जाई, व ही गोष्ट उघड होती. आईबाप इंग्रजीच्या ओढीने मुलांस पाठवीत व पुढे जे होईल ते पाहू म्हणत. इ. स. १८३९ च्या मे महिन्यात धनजीभाई नवरोजी व होरमसजी पेस्तनजी ह्या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा मुंबईत एकच खळबळ उडाली. पारशी समाजाने न्यायालयात फिर्याद नेली. तरुण आपल्या मर्जीने वागण्यास मुखत्यार आहेत असा निकाल झाला, परंतु शाळेतील मुले भराभर निघून गेली व वर्ग ओस पडले. पुढे १८४३ साली, विल्सनसाहेब रजेवर असता, ब्राह्मण घरातील श्रीपत नावाच्या एका अल्पवयी मुलाचा असाच खटला झाला. त्याचा वडील बंधू नारायण शेषाद्री याने बाप्तिस्मा घेतला होता, परंतु श्रीपतास न्यायालयाने बापाच्या स्वाधीन केले.

ह्या गोष्टी आपण आज कशा वाचाव्या? त्या तरुणांच्या विश्वासाविषयी आम्हांस आदरच आहे. धनजीभाई पुढे पाळक होऊन दीर्घकाळ सेवा करीत राहिले, व नारायण शेषाद्री यांचे नाव महाराष्ट्रातील मंडळ्या विसरणार नाहीत. तरी ज्या घरांतून मुलगा गेला त्या घरातील आईचे रडणेही खरेच होते. शिवाय विल्सनसाहेबांनी हिंदू व पारशी धर्मांवर जे वादग्रंथ लिहिले, त्यांतील काही शब्द आज आम्हांस कठोर वाटतात. मोरभट दांडेकर यांच्याशी १८३१ च्या सुमारास झालेला त्यांचा वाद प्रसिद्धच आहे. थोर पुरुषाचे चरित्र लिहिताना त्याच्या उणिवा झाकणे हे सत्यास धरून नाही. त्यांचे अनुकरण करावयाचे ते त्यांच्या प्रामाणिकपणाचे, कारण त्यांनी आपला हेतू कधी लपविला नाही. परक्या भाषेचा गळ करून त्यास मूल लावणे हे ख्रिस्ती मनुष्यास शोभत नाही. आज तर जिल्हा परिषदेच्या शाळांत धर्मशिक्षण देण्यास राज्यघटनेने मनाई केली आहे, व आपण ती मनापासून पाळिली पाहिजे. आमच्या मंडळीतील जे बंधुभगिनी अशा शाळांत शिक्षक आहेत, त्यांचे ख्रिस्तीपण त्यांच्या वागणुकीत दिसावे. तास मात्र शाळेचाच असावा.

१८४३ साली स्कॉटलंडच्या मंडळीत मोठी फूट पडली. विल्सनसाहेबांनी विवेकबुद्धीस स्मरून फ्री चर्चचा पक्ष धरिला. त्याची किंमत मुंबईतील शाळेस द्यावी लागली. जवळजवळ बांधून झालेली नवी इमारत, पुस्तके, उपकरणे, सर्व सोडून द्यावे लागले, व मिशनऱ्यांनी भाड्याच्या जागेत पुन्हा आरंभ केला. इमारत गेली, पण शिक्षक व विद्यार्थी राहिले म्हणून शाळा जगली. ज्या खेड्यांत आज एका खोलीत दोन इयत्ता बसतात, तेथील शिक्षकांनी ही गोष्ट मनात ठेवावी.

त्यांच्या शाळेतून निघालेल्या एका विद्यार्थ्याची हकीकत येथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. आफ्रिकेत गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हातून १८६१ साली सुटलेला चुमा नावाचा मुलगा डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्याजवळ होता. १८६४ मध्ये लिव्हिंगस्टन मुंबईस आले, तेव्हा त्यांनी चुमा व त्याचा सोबती विकातानी ह्यांस विल्सनसाहेबांच्या शाळेत ठेविले. पुढल्या वर्षी दोघांचा बाप्तिस्मा झाला, व मग ती लिव्हिंगस्टन यांच्याबरोबर आफ्रिकेस परत गेली. १८७३ साली अरण्यात लिव्हिंगस्टन मरण पावले, तेव्हा चुमा, सुसी व इतर सोबती यांनी त्यांचे शव व कागदपत्र कित्येक महिने पायी चालून समुद्रकिनाऱ्यापर्यंत पोहोंचविले. मुंबईच्या शाळेत चुमा इंग्रजी किती शिकला, हे कोणी आज विचारीत नाही. तो विश्वासू राहिला, हे मात्र सर्व जग जाणते. शाळेची परीक्षा अखेर अशाच ठिकाणी होते.

विल्सनसाहेबांची मराठीची सेवाही आपण कृतज्ञतेने स्मरली पाहिजे. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली, तीत मराठी भाषेची घटना व विस्तार ह्यांविषयीचा लेख विल्सनसाहेबांचा आहे. त्याच साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. त्याच्या आरंभीच्या कारभाऱ्यांत ते होते, व पुढे त्याचे व्हाइस चॅन्सेलरही झाले. १८६९ साली त्यांच्या मुंबईतील वास्तव्यास चाळीस वर्षे झाली, तेव्हा सर्व जातिधर्मांच्या नागरिकांनी मिळून त्यांचा सत्कार केला व एक थैली अर्पण केली. ज्या शहरात तीस वर्षांपूर्वी त्यांच्यावर फिर्याद झाली होती, त्याच शहरात हा सन्मान झाला! तो पैसा त्यांनी आपल्या घरी ठेविला नाही. त्यातून विद्यापीठात भाषाशास्त्राच्या व्याख्यानांची सोय झाली. १८७७ साली ह्या व्याख्यानमालेत डॉक्टर रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी संस्कृत व तीपासून निघालेल्या भाषांवर जी व्याख्याने दिली, ती आजही विद्वानांत मान्य आहेत. परंतु ती ऐकण्यास विल्सनसाहेब ह्या जगात नव्हते. ता. १ डिसेंबर १८७५ रोजी मलबार हिलवरील आपल्या घरी त्यांनी देह ठेविला. सेहेचाळीस वर्षांपूर्वी ज्या मुंबईत ते परके म्हणून उतरले, तिच्याच मातीत त्यांस विसावा मिळाला.

आता ह्या चरित्रावरून आपण काय घ्यावे? आमच्या नसरापुरासही दूर देशांहून आलेल्या सेवकांचा इतिहास आहे. १८९३ साली स्थापन झालेल्या पूना अँड इंडियन व्हिलेज मिशनचे ठाणे येथे होते, व त्यातील बंधुभगिनींनीही आधी मराठी शिकून मगच ह्या खेड्यापाड्यांतील दारे ठोठाविली. ते आपल्या भाषेकडे आले, म्हणून आपण आज त्यांच्या भाषेकडे निर्भयपणे जाऊ शकतो. परंतु जावे ते त्यांच्याच वृत्तीने.

म्हणून आईबापांस व शिक्षकांस आमची नम्र विनंती आहे. मुलाने इंग्रजीत जे म्हटले, ते त्याने प्रथम मराठीत समजून सांगावे. नवा शब्द शिकला की त्या शब्दाने कोणाची सेवा करता येईल हे त्यास विचारावे. औषधाच्या बाटलीवरील नाव शेजारच्या आजोबांस वाचून दाखविता येते, बँकेतील कागद मावशीस समजावून देता येतो, वाट चुकलेल्या परदेशी प्रवाशास रस्ता सांगता येतो. वर्गात एखादा चुकला तर दुसऱ्याने हसू नये, आणि शिक्षकानेही आपली चूक मुलांपुढे कबूल करण्यास लाजू नये. आभार मानणे, क्षमा मागणे, खरे बोलणे, ही वाक्ये परक्या भाषेत आधी शिकवावी. परंतु ती ज्याच्या घरात मराठीत बोलली जात नाहीत, त्याच्या तोंडी ती इंग्रजीत पोकळच वाजतील.

आरंभी सांगितलेल्या मुलाविषयी वाचक विचारतील. पुढल्या नाताळात आम्ही त्यास थोडाच भाग दिला: मेंढपाळांस देवदूताने दिलेला निरोप. त्याने तो आधी आजीजवळ बसून मराठीत वाचिला, मग इंग्रजीत शिकला. त्या दिवशी मंडळीपुढे तो एकेक वाक्य इंग्रजीत बोले, व आजी तेच मराठीत म्हणे. दोनदा तो अडखळला, तेव्हा आजीने मराठी वाक्य आधी म्हणून त्यास वाट दाखविली. ह्या वेळी टाळ्या कमी वाजल्या, कारण पुष्कळ जण डोळे पुशीत होते.

पेंटेकॉस्टच्या दिवशी पवित्र आत्म्याने सर्वांस एकच भाषा बोलावयास लाविली नाही, तर प्रत्येकास आपापल्या भाषेत देवाची महत्कृत्ये ऐकू आली. बाबेलच्या बुरुजावर भाषा गर्वामुळे विखुरल्या; यरुशलेमेत त्या प्रीतीमुळे जुळल्या. आपली लेकरे कोणतीही भाषा शिकोत, ती त्यांनी बुरूज बांधण्याकरिता नव्हे तर शेजाऱ्यापर्यंत पोहोंचण्याकरिता शिकावी, अशी बुद्धी प्रभु त्यांस व आपणांस देवो. आमेन.